तापल्यावरच बंद पडणारी गाडी
‘बॉनेटच्या आत’ : लेखांक सहावा

इंजिन तापलं की गाडी बंद पडते आणि निवलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. या एका तक्रारीपायी अमेरिकेत अनेक वर्षं खटला चालला. १९८३ ते १९९५ या काळात फोर्डने आपल्या असंख्य गाड्यांना ‘टीएफआय’ नावाचं इग्निशन मॉड्यूल बसवलं होतं. कॉइलचा करंट जोडायचा आणि नेमक्या क्षणी तोडायचा, म्हणजे प्लगवर ठिणगी पडते. हे काम त्या छोट्या चपट्या डबीचं. ती डिस्ट्रिब्यूटरवर बसवलेली आणि डिस्ट्रिब्यूटर इंजिनावर, त्यामुळे इंजिनाची धग थेट तिच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागायची. २००० साली कॅलिफोर्नियातील न्यायाधीश मायकल बॅलॅची यांनी त्या राज्यातल्या अशा गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारले होते, पण पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि मॉड्यूल बदलण्याचा खर्च ग्राहकांना भरून देण्याचं तिने कबूल केलं.

खटल्याच्या निकालापेक्षा दोषाचा स्वभाव इथे महत्त्वाचा आहे. रस्त्यात थांबलेली गाडी ओढून गॅरेजमध्ये नेईपर्यंत मॉड्यूल निवलेलं असे. मेकॅनिकने सेल्फ मारला की इंजिन लगेच सुरू. तपासणीत काही सापडत नाही म्हणून गाडी मालकाच्या ताब्यात, आणि चार दिवसांनी तीच गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला.

आजच्या गाड्यांत ते मॉड्यूल नाही; तपासणीची ही पद्धत मात्र टिकून आहे. रात्रभर उभी राहिलेली थंड गाडी सकाळी गॅरेजला जाते. दोष तर दिसत नाही, मग अंदाजाने प्लग बदलले जातात, नंतर पेट्रोल फिल्टर, नंतर कॉइल, शेवटी टाकीतला पंप. बिल वाढत जातं आणि गाडी तापली की पुन्हा थांबते. उष्णतेत उगवणारा दोष उष्णतेतच पकडावा लागतो. ज्या मेकॅनिकला गाडी तापेपर्यंत थांबायची तयारी नाही, त्याच्याकडे ही तक्रार घेऊन जाण्यात अर्थ नाही.

मुळात तापल्याने बिघडतं काय? तांब्याच्या तारेचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे २० अंशांवरची तार १०० अंशांवर गेली की तिचा रोध जवळजवळ ३१ टक्क्यांनी चढतो. धडधाकट कॉइल एवढं सहज सोसते. अडचण येते ती तारेला किंवा झाळकामाला केसाएवढी चीर पडलेली असते तेव्हा. थंड असताना चिरेची दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतात, करंट जात राहतो. भोवतालचं प्लास्टिक आणि धातू फुगले की टोकं सुटतात आणि सर्किट तुटतं. निवल्यावर ती पुन्हा टेकतात, आणि तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

या प्रकारातला सर्वांत नेहमीचा संशयित म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. इंजिनालगत बसून तो एका दातेरी चकतीकडे पाहत असतो. बऱ्याच गाड्यांत या चकतीवर ६० दातांची जागा असते, पण दात ५८च. दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे फेरी कुठून सुरू झाली ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळतं. हा सिग्नल गेला की बहुतेक गाड्यांत ठिणगी केव्हा पाडायची आणि पेट्रोल केव्हा सोडायचं हे दोन्ही ईसीयूला कळेनासं होतं आणि दोन्ही एकदम थांबतात. गाडी धक्के मारत नाही, कुरकुरत नाही. कोणीतरी किल्ली फिरवल्यासारखी थांबते. अशा वेळी सेल्फ मारताना टॅकोमीटरकडे पाहावं. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावरून हलतही नाही, असं दिसलं तर बऱ्याच गाड्यांत पहिला संशय याच सेन्सरवर घ्यावा. दोन तारांचा चुंबकी सेन्सर असेल तर मल्टिमीटरवर तो थंडपणी काही शे ओहम दाखवतो आणि तापल्यावर सर्किट उघडं. तीन तारांच्या हॉल सेन्सरला ही चाचणी लागू पडत नाही.

पेट्रोल कमी पडून थांबणाऱ्या गाडीची चाल वेगळी. आधी पिकअप जातो, मग झटके बसतात, मग इंजिन मान टाकतं. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर चालवलेल्यांना हे सांगायला नको. त्या गाड्यांचा पेट्रोल पंप, ज्याला फिटर एसी पंप म्हणत, इंजिनाच्या अंगालाच असे आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबाखाली पेट्रोल लवकर उकळतं. त्याचे हलके घटक तर ३५-४० अंशांपासूनच वाफ धरू लागतात. मे महिन्याच्या दुपारी खंडाळ्याचा घाट, दुसऱ्या गियरमध्ये घुरघुरणारं इंजिन, रेडिएटरला पुरेसा वारा नाही. नळीत वाफ भरे आणि पंप नुसती वाफ ढकलत बसे. मग गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि पंपावर ओलं फडकं टाकायचं. पाच-दहा मिनिटांत गाडी चालू.

त्या फडक्याची योग्यता आजच्या स्कॅनरवाल्यांनीही ओळखायला हवी. ते नुसता उपाय नव्हतं, निदानही होतं. एकाच भागाचं तापमान बदललं, बाकी सगळं होतं तसंच ठेवलं, आणि गाडी सुरू झाली. म्हणजे दोष तिथेच. संशयितावर थंड ओलं फडकं ठेवून इंजिन सुरू होतं का पाहणं, किंवा उलट, थंड इंजिनावर त्याच सेन्सरला हेअर ड्रायरने बेताने तापवून इंजिन बंद पडतं का पाहणं, ही आजही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची चाचणी आहे. मात्र तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये, लोखंडाला तडा जाऊ शकतो. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये.

इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे वाफेचा त्रास जवळजवळ संपला. पण झिजलेला पंप तापून थकू शकतो. बंद पडल्यावर लगेच किल्ली ‘ऑन’ केली आणि मागून दोन सेकंदांची गुणगुण ऐकू आली नाही, तर पंप, त्याचा रिले आणि कपलर तपासावेत. जुन्या गाडीत टाकीच्या झाकणाचा श्वास कोंडल्यानेही हेच घडतं: टाकीत निर्वात साचत जातो, पेट्रोल ओढलं जात नाही. झाकण उघडताच फुस्स असा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर दोष उष्णतेचा नव्हताच.

तिसरी तऱ्हा म्हणजे पळताना ठीक, सिग्नलला मात्र बंद. थंड इंजिनाला ईसीयू मुद्दाम जास्त फेऱ्यांवर फिरवतो. तापल्यावर आयडलिंग ७००-८५० फेऱ्यांपर्यंत उतरतं, आणि थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन तेव्हा हवेची वाट अडवतो. एसी लावला की उरलासुरला जोरही जातो. साफसफाईने हा दोष बऱ्याचदा सुटतो. तो सुटला नाही तर कूलंटचा तापमान सेन्सर पाहावा. बहुतेक गाड्यांत त्याचा रोध २० अंशांवर दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांवर तीनशेच्या आसपास असतो. तापल्यावरही तो हजारांतच राहिला तर ईसीयू इंजिनाला थंड समजून जादा पेट्रोल पाजत राहतो. काळे प्लग, काळा धूर आणि पेट्रोलचा वास ही त्याची खूण.

भारतात एप्रिल २०१३पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही दोष नोंदवून ठेवणारी यंत्रणा बंधनकारक झाली. त्यामुळे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोडसोबत दोष नोंदला गेला त्या क्षणाचं तापमान आणि फेऱ्याही वाचता येतात. क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड पी०३३५. पण कोड नाही म्हणजे दोष नाही, असं समजू नये. कित्येक सेन्सर कोड न नोंदवताच दगा देतात.

आणि हे सगळं करायचं ते गाडी सुरक्षित उभी केल्यावर. चालत्या गाडीत इंजिन थांबलं की बऱ्याच गाड्यांचं पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये मोजक्या दाबांपुरताच निर्वात उरतो. तेव्हा पुन्हा पुन्हा ब्रेक मारण्याऐवजी एकदाच घट्ट दाबून, इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे घ्यावी.

डिझेल गाड्यांचं गणित निराळं. तिथे ठिणगी नाही. तापून पातळ झालेलं डिझेल झिजलेल्या पंपातून आणि इंजेक्टरमधून निसटतं, आणि गरम इंजिन सेल्फ मारूनही सुरू होत नाही. त्याचा तपास पुढच्या लेखांकात.