पिस्तूल सारखं अडकतंय? आधी नीट बघा, मग मोकळं करा



प्रोजेक्टच्या निमित्ताने मी काही महिने टेक्सासमध्ये होतो. तिथला एक सहकारी दर शनिवारी शूटिंग रेंजवर जायचा. एकदा मीही सोबत गेलो. त्याचं नवीन छोटं पिस्तूल दर आठ-दहा गोळ्यांनी अडकत होतं. अडकलं की तो खटकन स्लाइड मागे ओढायचा, अडकलेलं काडतूस खाली पाडायचा आणि पुन्हा सुरू. घरी जाऊन पॉलिश पेपरने आतला भाग घासायचा बेतही ठरला होता.

मला राहवलं नाही. आमच्या ऑफिसात लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट केला तर चांगलीच बोलणी बसतात. इथे तेच चाललं होतं! मी त्याच्या दोन मॅगझिनवर १ आणि २ असे आकडे चिकटवले आणि प्रत्येक जॅम कागदावर लिहायला लागलो. तासाभरात कळलं की सगळे जॅम २ नंबरच्या मॅगझिनचे होते. पिस्तुलात काहीच बिघाड नव्हता.

म्हणून आज बघूया, छोटी पिस्तुलं का अडकतात आणि खरं कारण कसं शोधायचं.

आत नेमकं काय घडतं?

गोळी सुटली की मागे बसणाऱ्या धक्क्याने स्लाइड मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टर नावाचा छोटा आकडा रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढतो आणि ती इजेक्टरवर आपटून बाहेर उडते. मग रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. येताना स्लाइड मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस ढकलत नेते. त्याचं टोक फीड रॅम्प नावाच्या छोट्या चढावरून सरकत चेंबरमध्ये शिरतं. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं.

छोट्या पिस्तुलालाच जास्त त्रास का?

एम १९११ या प्रसिद्ध पिस्तुलाची नळी ५ इंचांची आहे. त्याचंच छोटं रूप, म्हणजे कोल्टने १९८५ मध्ये आणलेलं ऑफिसर्स एसीपी, ३.५ इंचांचं आहे. नळी आखूड झाली की स्लाइड हलकी होते, तिचा प्रवास कमी होतो आणि तिला आवरायला स्प्रिंग कडक लावावी लागते. म्हणजे स्लाइड लवकर परत येते. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणून ठेवायलाच हवं. सॉफ्टवेअरवाले याला रेस कंडिशन म्हणतील! मोठ्या पिस्तुलात थोडी ढिली स्प्रिंग किंवा थोडी घाण खपून जाते, छोट्यात खपत नाही.

जॅम हाच एरर मेसेज

अडकल्यावर नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट चापापासून लांब ठेवा आणि काय दिसतंय ते बघा.

१. काडतुसाचं टोक खाली झुकून रॅम्पवर अडकलंय: बहुतेक वेळा दोष मॅगझिनचा. ढिली स्प्रिंग, वाकडे झालेले वरचे ओठ किंवा आत साचलेली घाण.

२. मॅगझिनमध्ये काडतुसं आहेत, पण स्लाइड रिकामीच बंद झाली: मॅगझिन नीट बसलं नव्हतं, ते काडतूस वेळेवर वर आणत नाही, किंवा स्लाइड पुरती मागे गेली नाही. स्लाइड पुरती न जाण्यामागे कमी जोराचं काडतूस किंवा सैल मनगट असू शकतं. हात धक्क्यासोबत मागे गेला तर स्लाइडला मागे सरकायला भक्कम आधार मिळत नाही.

३. काडतूस आत गेलंय, पण स्लाइड थोडी उघडी राहिली: चेंबरमध्ये घाण, थकलेली रिकॉइल स्प्रिंग, फार घट्ट एक्स्ट्रॅक्टर किंवा मापात नसलेलं काडतूस.

४. जुनी पुंगळी चेंबरमध्येच आहे आणि मागून नवीन काडतूस घुसतंय: दिसायला हा फीडिंगचा प्रॉब्लेम, पण खरा बिघाड पुंगळी बाहेर न निघण्याचा. इथे रॅम्प घासून काहीच होणार नाही.

इथे घाई जिवावर येऊ शकते

कधीकधी काडतुसात बार कमी असतो किंवा नसतोच. नेहमीच्या धडाक्याऐवजी दबका 'फट' आवाज येतो, गोळी नळीतच अडकते आणि स्लाइडही नीट चालत नाही. बघणाऱ्याला वाटतं, नेहमीसारखाच जॅम. सवयीने त्याने स्लाइड ओढून नवीन काडतूस भरलं आणि चाप ओढला, तर नळी फुटू शकते. म्हणून आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की लगेच थांबा. पिस्तूल रिकामं करून, ते उघडून नळी तपासल्याशिवाय पुढची गोळी नाही.

चाप ओढून नुसतं 'टिक' झालं, तरी किमान ३० सेकंद नळी टार्गेटकडे धरून ठेवा. बार उशिरा पेटू शकतो.

आणि एकच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये भरू नका. दर वेळी टोक आपटून गोळी पुंगळीत आत दबत जाते आणि उडताना दाब धोकादायक वाढू शकतो.

शोधायचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मॅगझिनना नंबर द्या आणि वेगवेगळी वापरा. मग पिस्तूल साफ करून कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे तेल द्या. मग काडतुसाचा ब्रँड बदला. मग अनुभवी माणसाला चालवायला द्या. त्याच्या हातात अडकत नसेल तर पकड सुधारायची आहे. एवढ्यावरही अडकलं तर स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टर तपासायला कारागिराकडे द्या.

रॅम्प घासणं मात्र घरी करूच नका. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये रॅम्पवरचा कडक थर निघून गेला की आतला मऊ धातू झिजत जातो. कोड बिघडला तर जुनी आवृत्ती परत आणता येते, घासलेला धातू परत येत नाही.

आपल्याकडची गोष्ट

भारतात ९ मिमी सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित आहे, त्यामुळे परवान्यावरचं पिस्तूल बहुधा .३२ चं असतं. या काडतुसाची एक खोड आहे. त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइडने कितीही ढकललं तरी काडतूस सुटत नाही. लांबीला कमी असलेली काडतुसं मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकतात, म्हणून त्यांच्यात हे जास्त होतं. उपाय साधा आहे: भरताना प्रत्येक वरची कड खालच्या कडेच्या पुढे आहे ना, ते बघा.

शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे आपलं काम बघणं, लिहून ठेवणं आणि साफ ठेवणं एवढंच. बाकी परवानाधारक कारागिराचं. पण त्याच्याकडे जाताना 'अडकतंय हो' एवढंच सांगू नका. कोणतं मॅगझिन, कोणतं काडतूस, कितवी गोळी आणि अडकल्यावर काय दिसलं, हे लिहिलेला कागद सोबत न्या. त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

माझ्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी नवीन मॅगझिन मागवलं. पॉलिश पेपर त्याने शेवटी मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टला दिला.