मीटिंगमध्ये गोलपोस्ट आला कुठून?

सोमवारची मीटिंग. पुण्यातला बॉस म्हणतो, ‘क्लायंट गोलपोस्ट हलवतोय.’ नांदेड-लातूरहून आलेली मंडळी मान डोलावतात आणि गप्प बसतात. लातूर पॅटर्नने मार्क मिळवून दिले, पण हे इंग्लिश गाईडमध्ये नव्हतं! गप्प बसलेल्याला काही येत नाही, असा समज व्हायला मग वेळ लागत नाही.

टेन्शन नको. ही भाषा फुटबॉलच्या बातम्यांत रोज भेटते, आणि खेळातले शब्द व्यवहारात आणायची सवय आपल्यालाही आहेच. ‘कामात खो घातला’ म्हणताना कुणी मैदानात बसलेलं नसतं. निवडणुकीच्या बातमीत ‘धोबीपछाड’ वाचून आपण आखाडा शोधत नाही. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातले. तिथे हा शब्द कुणाला समजावून सांगायचा?

तर सुरुवात या पाच शब्दांपासून करा.

मूव्हिंग द गोलपोस्ट्स: खेळ सुरू असताना नियम बदलणं. टार्गेट दहाचं ठरलं, महिनाअखेरीस बारा मागितले, की गोलपोस्ट हलला.

ओन गोल: चेंडू आपल्याच जाळ्यात. आपल्याकडे याला म्हणतात, स्वतःच्या पायावर धोंडा.

क्लीन शीट: समोरच्या टीमला एकही गोल करू न देणं. चौकशीनंतर मिळते ती क्लीन चिट. दोन्हींची गल्लत नको.

डर्बी: शेजाऱ्या-शेजाऱ्यांची मॅच. आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद ज्यांनी ऐकलाय त्यांना डर्बीतली खुन्नस लगेच कळेल!

पार्क द बस: सगळे खेळाडू गोलसमोर उभे करून नुसता बचाव करणं.

आता अभ्यासाचा फंडा. एकाच मॅचची बातमी इंग्लिश आणि मराठी, दोन्ही पेपरांत वाचा. इंग्लिश हेडलाइनमध्ये ‘हेल्ड’ असेल तर मराठीत ‘बरोबरीत रोखलं’ असतं, ‘एज’ म्हणजे ‘निसटता विजय’ आणि ‘थ्रॅश’ म्हणजे ‘धुव्वा’. शब्दाला शब्द लावू नका, अख्खं वाक्य वहीत उतरवा. रोज दहा मिनिटं पुरे. आणि आठवड्यातून एकदा तरी त्यातला एखादा शब्द मेलमध्ये किंवा मीटिंगमध्ये वापरा. नुसतं वाचून जीभ वळत नाही.

उच्चार चुकेल, लोक हसतील, अशी भीती वाटते? मग त्या ‘बस’ची गोष्ट ऐका. २००४ मध्ये टॉटनहॅमने चेल्सीला गोलशून्य बरोबरीत रोखलं. चेल्सीचे कोच जोसे मोरिन्यो वैतागले. आमच्या पोर्तुगालमध्ये म्हणतात तसं, यांनी बस आणली आणि गोलसमोर उभी केली, असं काहीसं ते बोलून गेले. त्यांची मातृभाषा इंग्लिश नव्हती, बोलण्याची ढबही इंग्रजी नव्हती. तरी आज इंग्रज पत्रकार तोच वाक्प्रचार सर्रास वापरतात.

तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये नुसती मान डोलावू नका. कळलं नाही तर सरळ विचारा, आणि कळलं तर बोला. शिवाय ‘खो घालणं’ म्हणजे काय, हे बॉसलाही एकदा समजावून सांगा!