सफरमैनेतला राणे

कसालच्या तिठ्यावर मालवणचा रस्ता महामार्ग सोडून पश्चिमेला वळतो. न वळता सरळ गेलं तर कुडाळ, बांदा, पुढे गोवा आणि काळी नदी ओलांडली की कारवार. कारवारच्या दक्षिणेला याच महामार्गालगत चेंडिया हे गाव आहे. परमवीर चक्र हयातीत मिळवणारे पहिले सैनिक, मेजर रामा राघोबा राणे, या गावचे.

आमच्या भागात लष्करातून पेन्शनीवर आलेली माणसं वाडीवाडीत भेटतात. लढाईचं विचारलं की ती बहुधा कामाचंच सांगतात. पूल कसा टाकला, चिखलात रुतलेली गाडी कशी काढली. राण्यांचं शौर्य याच जातीचं होतं. त्यांनी शत्रूचं ठाणं सर केलं नाही. त्यांनी रस्ता मोकळा केला. म्हणूनच ते नीट सांगितलं जात नाही, असं मला फार दिवस वाटत आलं आहे.

जन्म २६ जून १९१८चा. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदली होईल तिथली शाळा. १० जुलै १९४० रोजी राणे खडकीला बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती झाले. जुनी माणसं जिला सफरमैना पलटण म्हणत, ती हीच. शत्रूच्या वाटेतले पूल उडवायचे, आपल्या वाटेतले सुरुंग काढायचे. सर्वोत्तम रिक्रूट म्हणून कमांडंटची छडी त्यांना मिळाली. ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर बुथिडाँगला त्यांची तुकडी महत्त्वाची ठिकाणं उडवून देण्यासाठी मागे ठेवली गेली. आरमाराची जहाजं येऊन त्यांना नेणार होती, पण तो बेत फसला. जपानी गस्त चुकवत, नदी ओलांडून त्यांनी आपली माणसं परत डिव्हिजनला नेऊन मिळवली. पुढे हवालदार झाले आणि डिसेंबर १९४७मध्ये सेकंड लेफ्टनंट.

चार महिन्यांतच ते काश्मीरच्या आघाडीवर नौशेऱ्याला होते. राजौरी नोव्हेंबर १९४७मध्ये हल्लेखोरांच्या हाती पडली होती आणि तिथे मोठी कत्तल झाली होती. ती परत घ्यायची तर रणगाडे पुढे न्यायला हवेत, आणि तिकडे जाणारा एकुलता रस्ता झाडं पाडून, मोऱ्या उडवून, सुरुंग पेरून बंद केलेला. ८ एप्रिल १९४८ला ४ डोग्राने बरवाली रिज घेतली. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचा राण्यांचा सेक्शन सुरुंग काढायला लागतो न लागतो तोच उखळी तोफांचे गोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणेही होते, पण ते कामावरून हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत रणगाडे रिजवर चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत खपून त्यांनी रणगाड्यांसाठी बगलरस्ता काढला. मग सगळ्यांत पुढच्या कॅरियरमध्ये बसून निघाले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी. उतरले, सुरुंग लावून झाडं उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. डोंगरातला नागमोडी रस्ता, वरून मशीनगन. सव्वासहाला उजेड मावळत असताना पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला काम सुरू आणि साडेसहाला तो अडथळा दूर. पुढचे हजार यार्ड सलग अडथळे आणि फोडलेले बांध. साडेदहापर्यंत वाट झाली. याच मोहिमेत राणे रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत सुरुंग शोधत गेले आणि हातातल्या दोरीने चालकाला खुणा देत राहिले, असं सांगितलं जातं. चालकाला खालचा माणूस दिसत नाही आणि दोरीची एक खूण चुकली तर संपलंच, हे ध्यानात घेऊन तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. रणगाडे तवी नदीच्या पात्रातून पुढे निघून गेले. राणे तिथेच थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण मागून रसद घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ता हवा होता. राणे रात्री नऊपर्यंत अन्नविश्रांतीशिवाय काम करत राहिले. ११ तारखेला पुन्हा सकाळी सहाला हजर. अकराला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि पुढचं काम रात्री दहापर्यंत चाललं. १२ एप्रिलला फौज राजौरीत पोचली.

या कामगिरीसाठी त्यांना मिळालेल्या परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्माने युरोपीय, एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. दधीचीच्या अस्थींपासून घडलेलं इंद्राचं वज्र त्यांनी पदकावर घेतलं.

राण्यांचा संसार उशिरा सुरू झाला. लग्न १९५५ साली, सदतिशीला टेकले असताना. पुढे तीन मुलगे, एक मुलगी. १९५८मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. लष्करातच मुलकी नोकरी धरली, ती १९७१पर्यंत. तोवर ते पन्नाशी ओलांडून गेले होते. १९८४मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनच्या तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव मिळालं, ते त्यांच्या हयातीतच. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये ते वारले. कारवारच्या किनाऱ्यावर, युद्धनौका संग्रहालयाजवळ, आता त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३पासून अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव आहे.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो आणि ध्वजनिधी गोळा होतो. त्या दिवशी कोकणातल्या शाळांनी भाषणाऐवजी मुलांना राण्यांच्या त्या चार दिवसांचं वेळापत्रक वाचून दाखवावं. पहाटे पावणेपाच, साडेसहा, साडेदहा, रात्री नऊ. आणि नऊ वाजेपर्यंत ते काम कुणासाठी चाललं होतं, हेही मुलांना विचारावं.