पंढरपूरची वाट सोडून कडावला आलेलं पाणी

वैशाखात सह्याद्रीच्या पायथ्याच्या नद्या उघड्या पडतात. पात्रात नुसते काळे धोंडे आणि मधूनच एखादं डबकं. पण कर्जत तालुक्यात, कडावच्या पंचक्रोशीतून वाहणारी पेज नदी ऐन मे महिन्यातही खळाळत असते. गावोगावी विहिरी तळाला गेलेल्या असताना या एका नदीला पाणी येतं कुठून?

उत्तरासाठी पूर्वेला मान वर करावी लागते. समोर ढाकचा डोंगर आणि त्याच्यामागे घाटमाथा. त्या माथ्यावर पाण्याचं भवितव्य ठरतं. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब उल्हास नदीतून वसईच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला जातो. पलीकडे, मावळात पडलेल्या थेंबाचा प्रवास फार लांबचा. आंद्रा नदीतून तो इंद्रायणीत येतो, देहू आणि आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळतो, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेतो, पुढे कृष्णेत शिरतो आणि सारं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतो. दोन थेंबांमध्ये वीतभर अंतर असेल, पण एकाला समुद्र शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आणि दुसऱ्याला हजाराहून अधिक.

पेजेचं उन्हाळी पाणी हे त्या दुसऱ्या थेंबाचं पाणी आहे. आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडीला टाटांनी धरण बांधलं, डोंगरातून बोगदा काढला आणि पूर्वेला निघालेलं पाणी पश्चिमेला वळवलं. सुमारे पाचशे मीटर खाली कोसळून ते भिवपुरीच्या वीजघरातली चक्रं फिरवतं. हे वीजघर 1922 मध्ये सुरू झालं. त्याआधी, 1915 मध्ये, खालापूर तालुक्यात खोपोलीचं वीजघर याच युक्तीवर उभं राहिलं होतं. वीज मुंबईला गेली, तिच्यावर गिरण्या आणि पुढे लोकल चालल्या. आणि काम संपलेलं पाणी पेजेत उतरलं. तेच राजनाल्याच्या कालव्यातून शेतात जातं, म्हणून इथले काही शेतकरी पावसाळ्याचं भात कापून उन्हाळ्यात दुसरं भात लावतात. उरलेलं उल्हासमधून बदलापूर, उल्हासनगर, कल्याणपर्यंत लाखो घरांच्या नळांना पुरतं.

भारताची ओळख करून घ्यायला आपण नकाशा उघडतो: सुमारे 33 लाख चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, 28 राज्यं, 8 केंद्रशासित प्रदेश. पण एवढा मोठा देश कसा चालतो हे मला नकाशापेक्षा पेजेच्या काठावर जास्त नीट उमगतं. ऊन, पाऊस, माणसं आणि कायदा ही चारही सूत्रं या एका प्रवाहात एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी ऊन. कर्कवृत्त भारताच्या आठ राज्यांतून जातं. त्याच्या दक्षिणेचा सारा मुलूख उष्ण कटिबंधातला. कडाव साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. त्या दिवशी मध्यान्हीला अंगणात सरळ रोवलेल्या काठीची सावली तिच्याच बुंध्यात नाहीशी होते. दिल्लीत असं कधीच घडत नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

या दोन दिवसांत फरक मात्र मोठा आहे. मेमधला सूर्य दिसतो, भाजून काढतो. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरचे ओले वारे आत ओढले जातात. जुलैअखेर सूर्य पुन्हा तितकाच डोक्यावर असतो, पण कडावला तो बहुधा कुणालाच दिसत नाही. त्याच्याच उन्हाने बोलावून आणलेल्या ढगांनी तोवर आभाळ भरून टाकलेलं असतं.

हे ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. कर्जत परिसरात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम 700 ते 750 मिलिमीटर. ही भिंत कशाची? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याची. थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं आणि त्याची पश्चिमेची तुटलेली कड म्हणजे हा सह्याद्री. तो नसता तर ढग असे अडले नसते आणि पाण्याला पडायला पाचशे मीटरची उंचीही मिळाली नसती.

या पावसाने इथली माणसं घडवली. आगरी, कुणबी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असे कितीतरी समाज इथे शेजारी राहतात. राब भाजायचा, आवण लावायचं, खाचरात गुडघाभर चिखल करून लावणी करायची आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. ठाकरांना रानातली कुठली भाजी पहिल्या पावसात येते आणि कुठली दुसऱ्या पंधरवड्यात, हे ठाऊक असतं. कातकऱ्यांचं नावच खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडलेलं. दिवाळीनंतर त्यांची कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमातींना विशेष दुर्बल म्हणून नोंदवलं आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. मुंबईला उजेड देणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी ही नोंद करावी लागते, हे विसरता येत नाही.

आता राज्यकारभार. निसर्गाने इथे एकच ठळक रेषा आखली, घाटमाथ्याची. माणसांनी मात्र रेषा आखल्या, पुसल्या, पुन्हा आखल्या. कर्जत तालुका 1891 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग तो कुलाब्यात आला आणि 1981 मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. कडावची ग्रामपंचायत गावात, पंचायत समिती कर्जतला, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी अलिबागला. जिल्हा परिषदांची ही घडी महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी बसली. 1993 पासून ग्रामपंचायतीला थेट राज्यघटनेचा आधार मिळाला. अशा अडीच लाखांहून अधिक ग्रामपंचायतींवर हा देश उभा आहे. लोकसभेसाठी मात्र कडावचा मतदार मावळ मतदारसंघात मत देतो. म्हणजे घाटाखालचं कडाव आणि घाटावरचं पिंपरी-चिंचवड एकच खासदार निवडतात. पाण्यासारखंच मतही घाट ओलांडतं.

पाणी वळवलं तर ज्याच्या वाटचं गेलं त्याने बोलायचं कुठे? त्यासाठी 1969 मध्ये कृष्णा पाणीतंटा लवाद नेमला गेला, न्यायमूर्ती बच्छावत त्याचे अध्यक्ष. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्या वाट्यांचा हिशेब करताना लवादाने टाटांच्या वीजप्रकल्पांनी पश्चिमेला किती पाणी न्यायचं, यालाही मर्यादा घातली. पेजेचं उन्हाळी पाणी हे अशा रीतीने तीन राज्यांच्या न्यायनिवाड्यात मोजलं गेलेलं पाणी आहे.

आणि हा मुलूख नुसता वरून आलेले हुकूम ऐकत बसला नाही. 1942 च्या लढ्यात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालवणारा हा वकील जंगलात उतरला आणि त्याच्या साथीदारांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. कशावर घाव घातला तर साम्राज्याच्या राजधानीसारख्या शहराला कळेल, हे डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना बरोबर ठाऊक होतं. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. ज्या सत्तेला त्यांनी अंधारात ढकललं, तिच्या जागी आज गावातल्या माणसाचं मत आहे.

मेच्या मध्यात कधी कडावला गेलात तर भर दुपारी अंगणात काठी रोवा आणि सावली नाहीशी होताना पाहा. मग पेजेवर जा, ओंजळीत पाणी घ्या. ते पाणी पंढरपूरला जायला निघालं होतं. डोंगर, पाऊस, कामगारांचे हात आणि देशाचा कायदा यांनी मिळून ते तुमच्या ओंजळीत आणलं आहे. त्यातला कातकऱ्याच्या घरापर्यंत पोचायचा वाटा अजून बाकी आहे, आणि तो पोचवणं हेच आता आपल्या राज्यकारभाराचं काम आहे.