एका पेशीच्या दोन पाळ्या

उष्ण कटिबंधांतील निळाशार समुद्र आम्हांस समृद्ध वाटतो. वस्तुतः त्याचें वरचें पाणी बहुधा उपाशी असतें. वनस्पतींस लागणारे नत्रयुक्त क्षार त्यांत फारच थोडे. हवाई बेटांनजीक क्रोकोस्फेरा नांवाचा, केवळ सूक्ष्मदर्शकांतून दिसणारा एकपेशीय जीव ही उणीव कांहीं अंशीं भरून काढितो. दिवसां तो सूर्यप्रकाशांत शर्करा बनवितो व प्राणवायु सोडितो. रात्रीं तीच शर्करा खर्चून पाण्यांत विरघळलेल्या नत्रवायूचें खत करितो. दोन्ही कामें एकदम कां नाहींत? नत्र बांधणारें त्याचें विकर प्राणवायूनें निकामी होतें, म्हणून. त्यांतून समुद्रांत लोह दुर्मिळ! २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें कीं, गिरणींतील एकच माग दोन्ही पाळ्यांनीं चालवावा तसा हा जीव सायंकाळीं दिवसाचीं कांहीं प्रथिनें मोडून त्यांतील लोह रात्रीच्या विकरांत घालतो, आणि सकाळीं पुन्हां काढून घेतो.