दत्तक श्वान घरी येतो तेव्हा : घरातल्या जुन्या प्राण्यांसाठी पहिले काही आठवडे जोखमीचे का?

नवी दिल्ली : भटक्या श्वानांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशातील एका तरतुदीची इतर मुद्द्यांच्या तुलनेत फारशी चर्चा झाली नाही. रस्त्यावरील श्वान दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना स्थानिक पालिकेकडे अर्ज करता येईल, ओळखपट्टी लावून तो श्वान त्यांच्या स्वाधीन केला जाईल आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे न्यायालयाने त्यात नमूद केले. त्यानंतर ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातील श्वान हलवून निवारागृहात ठेवण्यास सांगण्यात आले. निवारागृहांवरील भार वाढत असताना दत्तकाचा आग्रह वाढणे स्वाभाविक आहे.

मात्र दत्तक घेण्यास सर्वप्रथम पुढे येतात ती माणसे बहुधा आधीपासूनच प्राणी पाळणारी असतात. त्यांच्या घरात एखादा वयस्क लॅब्राडोर असतो, सोफ्यावर झोपणारे मांजर असते, कधी पिंजऱ्यातले ससे असतात. नव्या श्वानाची दया येऊन त्याला घरी आणण्याचा निर्णय एका संध्याकाळी होतो; त्याचे परिणाम मात्र या जुन्या रहिवाशांना भोगावे लागू शकतात. ही जोखीम टाळता येण्याजोगी आहे. पण त्यासाठी ती नेमकी कोठे दडलेली असते, हे समजून घ्यावे लागते.

निरोगी दिसणारा श्वान

सर्वांत मोठा धोका दिसत नाही, हीच अडचण आहे. श्वानांमधील पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, साधारणतः तीन ते सात दिवसांचा असतो. काही वेळा तो दोन आठवड्यांपर्यंतही जातो. या काळात पिल्लू खेळते, खाते, शेपूट हलवते. पण उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू होण्याच्या आधीपासूनच त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागलेला असतो. निवारागृहातून सोमवारी आणलेले टवटवीत पिल्लू शुक्रवारी अंथरुणाला खिळते, तोवर घरातल्या फरशा, चपला आणि पाण्याची भांडी दूषित झालेली असतात.

हा विषाणू अत्यंत चिवट आहे. सावलीतल्या ओलसर जागी तो कित्येक महिने तग धरतो आणि फरशी पुसण्याची नेहमीची सुगंधी द्रावणे त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. जागा आधी साबणाने धुऊन, मग पाण्यात योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीच काही मिनिटे तेथे राहू देणे हा त्यावरचा जुना आणि परिणामकारक उपाय आहे. माती, गालिचा आणि गाद्यांना तो लागू पडत नाही. म्हणूनच ज्या घरात पार्व्होने पिल्लू दगावले आहे, तेथे लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये, असे पशुवैद्यक बजावतात.

मांजर पाळणाऱ्यांची एक गैरसमजूत येथे दूर करायला हवी. श्वानांचा पार्व्हो १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि त्याचे नाते मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या आजाराच्या विषाणूशी आहे. त्याचे मूळ रूप मांजरांना बाधत नव्हते. नंतर पसरलेले उपप्रकार मांजरांनाही संसर्ग करू शकतात. मांजर घराबाहेर जातच नाही, मग लस कशाला, असा विचार करून अनेक घरे मांजरांचे लसीकरण सोडून देतात. दत्तक श्वानाचे पाऊल घरात पडताच हा हिशेब बदलतो.

डिस्टेंपरचा हिशेब आणखी वेगळा आहे. त्याची लक्षणे दिसायला एक-दोन आठवडे, कधी महिनाही लागतो. डोळ्यांतून व नाकातून स्राव, ताप, खोकला अशी सुरुवात होते आणि पुढे स्नायू आपोआप उडणे, झटके येणे असे मज्जासंस्थेवरचे परिणाम दिसतात. आजारातून वाचलेला श्वानही काही आठवडे, क्वचित महिने विषाणू बाहेर टाकत राहतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह अल्पावधीत दगावले, तेव्हा त्यातील काहींमध्ये याच विषाणूचा संसर्ग आढळला होता. सिंहालाही न सोडणाऱ्या या आजारापुढे, बूस्टर मात्रा तीन वर्षांपूर्वी चुकलेला घरचा म्हातारा श्वान निर्धास्त राहू शकत नाही.

‘लस दिली आहे’ याचा अर्थ

दत्तक देताना ‘लसीकरण झाले आहे’ असे सांगितले जाते. हे वाक्य खरे असले तरी अपुरे असू शकते. लस टोचल्यानंतर संरक्षण निर्माण व्हायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात आणि आधीच शरीरात शिरलेल्या विषाणूला ती थोपवीलच असे नाही. पिल्लांच्या बाबतीत आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम मारून टाकतात. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा पुन्हा द्याव्या लागतात. एका मात्रेवर घरी आलेले दोन महिन्यांचे पिल्लू पूर्ण संरक्षित नसते.

प्रौढ भटक्या श्वानाच्या कानाचा छोटा तुकडा कापलेला असेल, तर तो प्राणी जन्म नियंत्रण कार्यक्रमात निर्बीजीकरण झाल्याचा खूण-दाखला असतो. या कार्यक्रमात शस्त्रक्रियेबरोबर रेबीजची लस दिली जाते. पण ती कधी दिली, त्यानंतर वार्षिक मात्रा झाली का, हे कान सांगत नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपरविषयी तर तो काहीच सांगत नाही. नर श्वानाचे निर्बीजीकरण नुकतेच झाले असेल, तर पुढचे काही आठवडे तो प्रजननक्षम राहू शकतो, हेही घरात शस्त्रक्रिया न झालेली मादी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

रेबीजबाबत गल्लत अधिक घातक आहे. जगातील रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चावलेल्या श्वानावर दहा दिवस लक्ष ठेवा, हा नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतो. या नियमाचा अर्थ एवढाच की, चावल्यानंतर श्वान दहा दिवस निरोगी राहिला तर चावण्याच्या क्षणी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. नवा श्वान दहा दिवस ठणठणीत राहिला म्हणून त्याला रेबीज नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. श्वानांमध्ये हा आजार प्रकट व्हायला कित्येक आठवडे, क्वचित सहा महिने लागू शकतात. रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांच्या वयात दिली जाते, त्यामुळे त्याहून लहान पिल्लांना ते कवच नसते. नव्या श्वानाच्या दातांनी माणसाला जखम झाल्यास ती साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, दहा दिवसांची वाट न पाहता लगेच उपचार सुरू करावेत. घरातल्या दुसऱ्या प्राण्याला चावा बसल्यास त्यालाही, पूर्वी लस झालेली असली तरी, पशुवैद्यकाकडे न्यावे लागते.

गोचीड, आणि मांजराचा जीव

रस्त्यावरच्या श्वानाबरोबर गोचिडी येतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्या घरात किती खोलवर रुजतात, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. आपल्याकडे श्वानांवर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड आपले संपूर्ण जीवनचक्र घराच्या आत पूर्ण करू शकते. रक्त पिऊन फुगलेली मादी श्वानावरून खाली उतरते, भिंतीच्या फटीत वा दाराच्या चौकटीमागे शिरते आणि हजारो अंडी घालते. एर्लिकिया आणि बॅबेसिया या ‘गोचीड तापा’च्या जंतूंचा प्रसार तिच्यामार्फत होतो. एर्लिकियाची लागण झालेला श्वान महिनोन्‌महिने वरकरणी निरोगी राहू शकतो. त्याचे रक्त पिऊन मोठी झालेली गोचीड मग घरच्या श्वानाला चावते. म्हणून दत्तक श्वानाची रक्ततपासणी करणे हा खर्च वायफळ नाही.

यावरचा इलाज करताना घडणारी एक चूक जीवघेणी आहे. श्वानांच्या मानेवर टाकायच्या गोचीडनाशक औषधांपैकी काहींत परमेथ्रिन हे द्रव्य असते. श्वानांना ते सोसते. मांजराचे यकृत ते पुरेसे मोडू शकत नाही. नव्या श्वानाला औषध लावले आणि मांजर त्याच्या अंगाला घासले किंवा त्याला चाटले, एवढ्यानेही मांजराला थरथर, झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो. घरात मांजर आहे, हे औषध विकत घेण्यापूर्वी पशुवैद्यकाला सांगणे म्हणूनच अनिवार्य. खरजेचेही असेच आहे : एका प्रकारची खरूज स्पर्शाने दुसऱ्या श्वानाला आणि तात्पुरती माणसालाही होते, दुसऱ्या प्रकारची सहसा पसरत नाही. केस गेलेल्या त्वचेकडे पाहून दोहोंतला फरक घरबसल्या ओळखता येत नाही. त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

या सगळ्याचे उत्तर विलगीकरण हेच आहे आणि ते किमान दोन आठवड्यांचे असावे. घरात लसीकरण अपूर्ण असलेले पिल्लू वा आजारी प्राणी असेल, तर त्याहून अधिक. दोन खोल्यांच्या सदनिकेत हे कसे जमवायचे, हा प्रश्न रास्त आहे. दार बंद होणारे स्नानगृह, जाळी लावलेली गॅलरी, किंवा दोन आठवड्यांसाठी प्राणी नसलेल्या नातलगाचे घर हे व्यवहार्य पर्याय आहेत. भांडी, अंथरूण, पट्टा वेगळा. आधी जुन्या प्राण्यांची सेवा, मग नव्याची. मध्ये हात धुणे आणि चपला बदलणे. ज्यांना इतकेही शक्य नाही, त्यांनी संस्थेला श्वान काही दिवस स्वतःकडे वा तात्पुरत्या पालकाकडे ठेवण्याची विनंती करावी.

शांततेचा चकवा

आजार टळले तरी दुसरी परीक्षा उरते. पहिले काही दिवस नवा श्वान कोपऱ्यात बसून राहतो, कोणावर भुंकत नाही, मांजराकडे पाहतही नाही. कुटुंब आनंदते : ‘किती गुणी आहे!’ प्रत्यक्षात तो अनेकदा भीतीने गोठलेला असतो. जागा ओळखीची झाली, जेवणाच्या वेळा कळल्या की दोन-तीन आठवड्यांनी त्याचा खरा स्वभाव उमटू लागतो. पहिले गंभीर भांडण म्हणूनच बऱ्याचदा पहिल्या दिवशी न होता, सगळे बेसावध झाल्यावर होते.

रस्त्यावर जगलेल्या श्वानासाठी अन्न आणि जागा राखणे हा जगण्याचा नियम होता. भांड्याजवळ दुसरा श्वान आला की शरीर ताठ करणे, अन्नावर मान झुकवून खाण्याचा वेग वाढवणे, डोळ्यांच्या कडेने रोखून पाहणे ही त्याची भाषा आहे. गुरगुरणे हा त्यातला इशारा आहे, गुन्हा नाही. गुरगुरल्याबद्दल त्याला मारणाऱ्या घरात तो पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. दोन्ही श्वानांना वेगवेगळ्या खोल्यांत जेवू घालणे आणि हाडे, खेळणी सुरुवातीला उचलून ठेवणे एवढ्याने अर्धी भांडणे टळतात.

पहिली भेट घराच्या उंबऱ्यावर घडवणे ही नेहमीची चूक. उंबरा हा जुन्या श्वानाचा प्रदेश आहे. त्याऐवजी दोघांनाही अनोळखी अशा मोकळ्या जागी, दोन माणसांनी, काही अंतर राखून एकाच दिशेने चालवावे आणि अंतर हळूहळू कमी करावे. पट्टा ताणला गेला की श्वानाला सुटकेचा मार्ग दिसत नाही आणि तो आक्रमक होतो, म्हणून पट्टा सैल हवा. जुना श्वान संधिवाताने त्रस्त, दृष्टी वा ऐकणे अधू झालेला असेल तर तरुण श्वानाची निव्वळ खेळकर झेपही त्याला वेदना देते. पोमेरेनियनसारख्या लहान श्वानाला तर मोठ्याने एकदाच पकडून झटकणे पुरेसे ठरते.

भांडण जुंपलेच तर मध्ये हात घालू नये. अशा वेळी होणाऱ्या जखमा बहुतांशी मालकांच्या हातांवर असतात आणि त्या स्वतःच्याच श्वानाच्या दातांच्या असतात. पाण्याची बादली ओतणे, जाड चादर टाकणे, मध्ये पाट किंवा खुर्ची सरकवणे हे मार्ग सुरक्षित आहेत. भांडण सुटल्यावर दोघांना त्या दिवशी पुन्हा समोरासमोर आणू नये. केसांखाली दिसणारी दाताची बारीक खूण आत मोठी जखम लपवून असू शकते. तीही पशुवैद्यकाला दाखवावी.

मांजराच्या बाबतीत प्रश्न वैराचा नसून शिकारीच्या वृत्तीचा असतो. श्वान बसलेल्या मांजराला दुर्लक्षितो. धावणाऱ्या मांजराच्या मागे मात्र त्याचे पाय आपसूक निघतात. मांजराला श्वान पोहोचणार नाही अशी उंच फळी, वेगळी खोली आणि विष्ठापेटीपर्यंत जाण्याची निर्धोक वाट मिळायला हवी. आधी दाराआडून वासाची ओळख, मग जाळीपलीकडून दर्शन आणि त्यानंतर पट्ट्यात बांधलेल्या श्वानासह एकाच खोलीत थोडा वेळ, या क्रमाला कधी दोन आठवडे लागतात, कधी तीन महिने. या ताणात नर मांजरांची लघवी अडकू शकते. बोका वारंवार विष्ठापेटीत बसून काहीच करत नसेल तर ती तातडीची स्थिती समजावी. ससे आणि पक्षी यांच्यासाठी ओळख-पाळखीचा प्रयत्नच करू नये. त्यांची खोली कायमची वेगळी असावी. (देशी पोपट पाळणे हा वन्यजीव कायद्याने मुळातच गुन्हा आहे, ही बाब निराळी.)

इतके करूनही काही जोड्या जमत नाहीत. अशा वेळी श्वानाला परत नेण्यात अनेकांना अपराध वाटतो आणि मग पट्टा सोडून, दूरच्या वस्तीत उतरवून येणे असा मार्ग काही जण पत्करतात. उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम ११ खाली अपराध आहे. पहिल्या वेळी त्यासाठी दंड मात्र दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पालिकेकडून दत्तक घेतलेल्या श्वानाच्या बाबतीत तर तो रस्त्यावर परतणार नाही, याची जबाबदारी थेट अर्जदारावर आहे.

त्यामुळे दत्तकाच्या कागदावर सही करण्यापूर्वी संस्थेला विचारण्याजोगे प्रश्न ठरलेले आहेत : हा श्वान इतर श्वानांबरोबर वा मांजरांबरोबर कधी राहिला आहे का, शेवटची लस कोणत्या तारखेला आणि कोणत्या आजाराची, त्याच्यासोबतचे एखादे पिल्लू गेल्या महिन्यात आजारी पडले होते का आणि जमले नाही तर संस्था त्याला परत घेणार का. यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे.