छातीतली धडधड कुठून येते?

तोंडी परीक्षेला नाव पुकारले की एखाद्या मुलाचे हात गार पडतात, घशाला कोरड पडते, छाती धडधडू लागते. रात्री पाठ केलेले उत्तर ऐन वेळी आठवत नाही. ‘उगाच घाबरतोस, मन घट्ट कर,’ असे आपण त्याला सांगतो. पण केवळ मनात आणून हृदयाचे ठोके कमी करता येतात का? आपण स्वतः करून पाहू या. जमत नाही. कारण ती सूत्रे हायपोथॅलॅमस या मेंदूच्या लहानशा भागाकडे असतात.

हायपोथॅलॅमस मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या लगेच वर असतो. त्याचे वजन जेमतेम ४ ग्रॅम. तहान, भूक, शरीराचे तापमान यांवर त्याचे लक्ष असते. संकटाची वर्दी येताच तो दोन वाटांनी शरीराला सज्ज करतो. पहिली वाट चेतातंतूंची. तिने काही सेकंदांतच हृदय जोरात धडधडते आणि अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलीन रक्तात उतरते. दुसरी वाट संप्रेरकांची. हायपोथॅलॅमस पीयूषिकेला, पीयूषिका अधिवृक्क ग्रंथींना निरोप देते आणि काही मिनिटांत रक्तातले कॉर्टिसॉल वाढते. हेच कॉर्टिसॉल मेंदूत पोचून ‘आता पुरे’ असे सांगते. टाकी भरली की बॉलकॉक वर येऊन पाणी बंद करतो, तसेच हे.

मग भीती हायपोथॅलॅमसमध्येच जन्मते का? १९२८ मध्ये फिलिप बार्ड यांनी मांजरांच्या मेंदूचा वरचा भाग काढून टाकला. तरीही नुसत्या स्पर्शाने ती मांजरे केस फुलवून फिस्कारत. हायपोथॅलॅमसचा मागचा भागही काढल्यावर मात्र हा सारा आविर्भाव नाहीसा झाला. त्यावरून हाच भावनेचा गाभा, असे वाटणे साहजिक होते.

१९८८ मध्ये जोसेफ लडू आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने चित्र अधिक स्पष्ट झाले. ठरावीक आवाजामागून विजेचा धक्का बसतो हे उंदीर शिकले. मग नुसता आवाज ऐकूनही ते जागीच थिजत आणि त्यांचा रक्तदाब वाढे. हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागाला इजा केल्यावर रक्तदाब वाढेना, पण थिजणे चालूच राहिले. मध्यमेंदूतील एका भागाला इजा केल्यावर याच्या उलट घडले. म्हणजे धोक्याची वर्दी देणारा वेगळाच, तो अमिग्डाला. हायपोथॅलॅमस हा तिची अंमलबजावणी करणाऱ्यांपैकी एक.

चिंताविकारात ही वर्दी धोका नसतानाही वारंवार येते. तेव्हा कॉर्टिसॉल नेहमीच वाढलेले असेल, असा तर्क आपण करू. पण मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या विकारात अनेक अभ्यासांत ते कमीच आढळले. हायपोथॅलॅमसच्या त्या पहिल्या निरोपालाच अडवणारे एक औषध २०१० मध्ये चिंताविकाराच्या रुग्णांवर तपासले गेले. ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. बिघाड एका सुट्या भागाचा नसून वर्दी देणारा, तिची शहानिशा करणारा आणि ती अमलात आणणारा या साऱ्यांच्या मेळाचा आहे, असे यावरून दिसते.

शिक्षक म्हणून आपण यातून काय घ्यावे? एक तर, मुलाची धडधड हे सोंग नव्हे. ठोके थांबवणे त्याच्या हाती नाही. श्वास मात्र काही अंशी आहे. सावकाश सोडलेल्या श्वासाने ठोके मंदावतात. म्हणून त्याला एक मिनिट द्यावे, पाणी द्यावे, मग प्रश्न विचारावा. दुसरे, परीक्षेपुरती भीती सर्वांनाच वाटते. पण ती महिनोन्महिने टिकली, रोज सकाळी पोट दुखू लागले, शाळा बुडू लागली, तर पालकांशी बोलून डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी बहुतेकांना आराम पडतो. ‘मन घट्ट कर’ म्हणण्यापेक्षा ‘हे शरीराचे काम आहे, ओसरेल,’ हे वाक्य अधिक खरे आहे आणि मुलाला धीर देणारेही.